चार महिन्यांची लेक, बायपास झालेले बाबा आणि माहेरचा मुक्काम

प्रश्न थोडक्यात असा: "वडील ६६ वर्षांचे. बारा दिवसांपूर्वी मिरजेत बायपास झाली, परवा सांगलीला घरी आले. आई ६१ वर्षांची, तिला शुगर आहे. भाऊ बंगळुरूहून आलाय, तो रविवारी परत जाईल. मी पुण्यात. माझी मुलगी नुकतीच चार महिन्यांची झाली, अंगावरच पिते. आई म्हणते ये, बाबा नातीची वाट बघतायत. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला आजाऱ्याच्या घरात नेऊ नये. शिवाय मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात करतात म्हणून ते याच मुक्कामात उरकावं, असा बाबांचा हट्ट आहे. जाऊ का? कधी? काय काळजी घेऊ?"

जा. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोच, म्हणजे भावाबरोबर एक रात्र मिळेल. दहा-बारा दिवस राहा, महिनाभर नको. उष्टावण या खेपेला नको. हे का, ते आता सांगते. नुसतं "जा" म्हणून मोकळं होण्यासारखी ही गोष्ट नाही.

मी चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते, त्यातली शेवटची नऊ हृदयाच्या ऑपरेशनच्या विभागात. निवृत्त झाल्यापासून ड्रेसिंग, इंजेक्शनं, टाके बघणं यासाठी घरोघरी जाते. नोकरीत होते तोवर डिस्चार्जचा कागद हातात दिला की आमच्या दृष्टीने पेशंट बरा झालेला असायचा. त्यानंतर घरात काय उलथापालथ होते, ते मला या घरोघरच्या फिरतीत कळलं.

आधी सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. घरात टायफॉइड, कांजिण्या, क्षय असायचा त्या काळातलं ते शहाणपण आहे. पण बायपास झालेल्या माणसाकडून बाळाला काही लागत नाही. उलट बाळाकडून आणि बाळ बघायला येणाऱ्यांकडून बाबांना सर्दी-खोकला लागायची धास्ती जास्त. छाती उभी उघडलेल्या माणसाला खोकला येणं म्हणजे काय, ते तिथे गेलीस की दिसेलच. उशी छातीशी कवटाळून, डोळे मिटून, एकेक ठसका मोजून काढतात बिचारे. त्यामुळे निघायच्या दिवशी तुमच्यापैकी कुणाचं नाक गळत असेल तर सरळ चार-पाच दिवस थांब. मुलीची १४ आठवड्यांची लस राहिली असेल तर ती आधी देऊन घे. ती झाली असेल आणि मुलगी धडधाकट असेल, तर प्रवासाला काही हरकत नाही.

मला खरी काळजी तुझ्या आईची आहे.

घरात सांभाळायची माणसं किती आणि हात किती, हे एकदा बोटांवर मोज. सांभाळायचे बाबा, सांभाळायचं बाळ, आणि अर्धी तू, कारण रात्रीत तीनदा उठून पाजणारी बाई दिवसा कुणाचं फारसं करू शकत नाही. हात म्हणशील तर भाऊ गेल्यावर आईचे दोन. तू गेलीस की मदत होईल असं तुला वाटतं, तिलाही वाटतं. प्रत्यक्षात लेक माहेरी आली की आईच्या अंगात जुनी सवय जागी होते. तुझ्यासाठी अळिवाची खीर, बाबांसाठी बिनमिठाची भाजी, नातीला तेल-पाणी, आणि मधल्या वेळात भेटायला येणाऱ्यांचा चहा. पाटलीणबाईंच्या घरी बारसं असावं तशी ती दिवसभर धावत राहील आणि स्वतःची साखर तपासायला विसरेल.

हे मी उगाच म्हणत नाही. एका घरी काकांच्या पायाचं ड्रेसिंग करत होते. काकू ट्रे धरून शेजारी उभ्या. बघता बघता ट्रेमधली कात्री खडखड वाजायला लागली. वर बघते तर काकूंचा हात थरथरतोय, कपाळावर घाम. सकाळची शुगरची गोळी घेतली होती, आणि पाहुणे आल्यामुळे नाश्ता राहून गेला होता. दुपारचा दीड वाजला होता. काकांचं ड्रेसिंग तसंच अर्धवट ठेवून आधी काकूंना साखरपाणी पाजलं. बायपासच्या घरात दहाव्या-पंधराव्या दिवशी आडवी पडते ती बहुतेक वेळा पेशंटची बायकोच.

म्हणून तू मुक्कामाला जाशील ती हात घेऊन जा. म्हणजे असं, की निघायच्या आधीच भावाशी बोलून रात्रीसाठी एक मावशी ठरवा, निदान तुझ्या मुक्कामापुरती. सांगली-मिरजेत अशी माणसं मिळणं अवघड नाही. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून हे गाव आजाऱ्यांचंच आहे, आणि आजाऱ्यांच्या मागे त्यांचं करणारी माणसंही आली. मावशी रात्री बाबांच्या खोलीत झोपेल, त्यांना लघवीला उठवेल, पाणी देईल. तुझी आई आतल्या खोलीत सलग सहा तास झोपेल. आई म्हणेल, "परकी बाई कशाला, मी आहे ना." ऐकू नका. पैसे दोघा भावंडांनी वाटून द्या आणि तिच्यापर्यंत आकडा पोचू देऊ नका. दुसरा हात स्वयंपाकाचा. पोळ्या बाहेरून सांगितल्या तरी अर्धा भार उतरतो.

आता शनिवारच का. वॉर्डात एक सिस्टर ड्यूटी संपली म्हणून उठून जात नाही, ती पुढचीला ओव्हर देते. कुठली गोळी किती वाजता, कुणाला बद्धकोष्ठ आहे, कोण रात्री घाबरतो, सगळं पलंगापलंगाशी उभं राहून सांगते. भावाने बारा दिवस जे बघितलंय ते फोनवर सांगता येत नाही. बाबांना पलंगावरून कसं उठवायचं, हे तो तुला करून दाखवेल: आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, आणि त्यांनी हातांवर जोर न देता मागून पाठीला आधार देऊन बसवायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही. ही एक गोष्ट शिकायला तरी एक रात्र हवी.

आणि दुसरं कारण. पहिल्या पंधरा दिवसांत माणसांची कमी नसते. काका, आत्या, शेजारी, डबे, फळं, सगळं असतं. तिसऱ्या आठवड्यात घर ओस पडतं. मुलगा परत जातो, डबे थांबतात, सगळ्यांना वाटतं आता झालंच की बरं. नेमका तेव्हाच पेशंट चिडचिडा होतो आणि त्याची बायको दमलेली असते. तू त्या आठवड्यात तिथे असणं हे पहिल्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. तेव्हा बारा दिवस गेली नाहीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

प्रवासाचं फार सांगत नाही. पुणे-सांगली एरवी चार-पाच तासांचा रस्ता, बाळ असताना सहा-सात धर. दर दोन तासांनी थांबा, गाडी उभी असतानाच पाज, आणि तिला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर अजिबात बसू नकोस. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधून घ्या. रेल्वेने येणार असलीस तर खालचा बर्थ घे. पोचल्यावर दारातूनच बाबांच्या खोलीत धावू नका. हात-पाय धुवा, तुमचे कपडे बदला, तिचं झबलं बदल, तिला पाज, ढेकर काढ. मग आजोबांकडे.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी बाबा डोळे लावून बसलेत. त्यांना नातीला उचलून घ्यायचंय.

बायपास करताना छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी बांधतात. वरची कातडी पंधरा दिवसांत छान मिटलेली दिसते. आत हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पक्कं व्हायला तीन महिने. तोवर दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. तुमच्या सर्जनने कागदावर जो आकडा लिहिला असेल तो धरा, पण तुझ्या लेकीचं वजन सहा किलोच्या आसपास असणार, म्हणजे ती त्या आकड्यापेक्षा जडच भरणार. शिवाय ती गप्प पडलेली पिशवी नाही. ती लाथ मारते, अंग ताणते, निसटते, आणि निसटणाऱ्या बाळाला धरायला माणूस झटका देऊन छातीची सगळी ताकद लावतो.

"बाबांना समजावून सांगितलंय, ते उचलणार नाहीत" यावर विसंबू नकोस. १९९१ साली माझ्या आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. मी माझ्या आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन तिच्या मदतीला गेले. नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली होती, रोज बायकांना बजावायचे, "जड उचलायचं नाही हं, मावशी." आईलाही बजावलं होतं. नववा दिवस. मी न्हाणीत लंगोट पिळत होते. पाळण्यात मुलगा रडायला लागला. आई म्हणाली, "घेते गं मी." मी "नको" म्हणून ओरडेपर्यंत तिने साडेआठ किलोचं पोर उचललं होतं. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "अगं, ओलं ओलं लागतंय." निऱ्यांपाशी पातळाला गुलाबी पाण्याचा डाग पडला होता. ते गुलाबी पाणी म्हणजे आतले टाके सुटलेत, हे मला शिकवावं लागत नव्हतं. तिला आडवं झोपवून परत दवाखान्यात नेलं, पुन्हा भूल, पुन्हा टाके. माझं मदतीला जाणं तिला आणखी तीन आठवडे अंथरुणाला खिळवून गेलं.

आईने माझं ऐकलं नाही असं नाही. बाळ रडलं की हात पुढे जातो, डोकं मागून येतं. म्हणून बाबा आणि बाळ एका खोलीत दोघंच कधीही नकोत. तू अंघोळीला गेलीस तर बाळाचा पाळणा आईजवळ. आई देवपूजेला बसली असेल तर तू बाळाजवळ. पाळणा बाबांच्या पलंगाशेजारी टांगायचा मोह होतो, कारण दिवाणखान्याच्या आढ्याला कडी असते. तो आतल्या खोलीत टांगा. रात्री तर दोघांच्या खोल्यांमध्ये दोन दारं हवीत. बायपासनंतर कित्येक आठवडे झोप तुकड्या-तुकड्यांत येते. पहाटे तीनला डोळा लागलेला असताना नात किंचाळली, तर उरलेली रात्र ते छताकडे बघत काढतात.

मग नातीला घ्यायचंच नाही का? घ्यायचं ना. रोज घ्यायचं, पण पद्धतीने. लाकडी हातांची, ताठ पाठीची खुर्ची शोध. सोफा नको, त्यात माणूस रुततो आणि उठताना हातांवर जोर येतो. बाबा आधी नीट बसतील, पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर. बायपासला वापरायला ज्या पायातून शीर काढलीय तो सुजलेला असेल तर त्या मांडीवर भार देऊ नका, दुसऱ्या मांडीवर घ्या. मांडीवर एक जाड उशी, आणि छातीवर चार घड्यांचा मऊ सुती पंचा. दुपट्यात गुंडाळलेली लेक त्या उशीवर तू ठेवायची, तिचं डोकं त्यांच्या कोपराकडे, पाय छातीपासून लांब. त्यांचा तो कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेला असला पाहिजे. त्यांनी फक्त कवेत घ्यायचं, वजन उशीने आणि खुर्चीने झेलायचं. तू समोर गुडघ्यांवर बस आणि तुझा एक हात बाळाच्या अंगावरून काढू नकोस. वेळ दहा मिनिटं. दुखायची गोळी घेऊन तास झालेला असावा आणि बाळाचं पोट भरून ढेकर निघालेला असावा, नाहीतर ती नेमकी जखमेवर दूध काढायची. मुके घ्यायचे तर पायाच्या तळव्यांचे.

एवढं झालं की बहुतेक आजोबा रडतात. तेही सांगून ठेवते, कारण मुली घाबरतात. कधी न रडलेले, पोस्टात किंवा साखर कारखान्यात पस्तीस वर्षं दरारा गाजवलेले गृहस्थ मी बायपासनंतर ओक्साबोक्शी रडताना बघितलेत. पहिल्या काही आठवड्यांत मन हळवं होतं, उदासी येते, राग येतो, जेवणाची चव जाते. ते कमी होत जातं. जवळची उशी त्यांच्या हातात दे, रडतानाही छातीला आधार लागतो. मात्र तीन-चार आठवड्यांनीही ते गप्प गप्पच असतील, जेवत नसतील, "आता काय उरलंय" अशी भाषा करत असतील, तर डॉक्टरांच्या कानावर घाल. तेही उपचार करण्यासारखंच दुखणं आहे.

त्यांना नातीचं एखादं काम द्या. पाळण्याला लांब दोरी बांधून ती आतल्या खोलीच्या दारातून बाहेर त्यांच्या खुर्चीपर्यंत आणता आली तर बघ. कोपर अंगाला चिकटवून नुसत्या मनगटाने हलका झोका द्यायला सहसा हरकत नसते, तरी पुढच्या वेळी दाखवायला जाल तेव्हा विचारून घ्या. माझ्या एका पेशंटने असं दोरी हलवत अख्खी रामरक्षा नातवाला ऐकवायचा नेम धरला. त्या निमित्ताने त्यांचा श्वास लांब व्हायला लागला. श्वास ओढायचं तीन चेंडूंचं यंत्र मात्र त्यांनी कपाटावर ठेवून दिलं होतं. ते यंत्र बाबांकडेही दिलेलं असेल. नातीसमोर बसून ते ओढायला लावा. चेंडू वर गेला की ती हसेल, आणि तिला हसवायला ते दहाच्या जागी वीस वेळा ओढतील.

धुरीचं नाव काढू नका. बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा-वेखंड टाकून धुरी द्यायची पद्धत आमच्याकडे अजून आहे, आणि मालीशवाल्या मावशी त्याशिवाय अंघोळ पुरी झाली असं मानत नाहीत. तो धूर बाळाच्या छातीलाही वाईट आणि ऑपरेशननंतर नुकत्या फुलायला लागलेल्या फुप्फुसांनाही. तीच गोष्ट उदबत्तीची आणि डासांच्या कॉइलची. मच्छरदाणी लावा, दोघांनाही. पावडरचा डबा पुण्यातच ठेवून ये. मालीशवाल्या मावशी चार घरं करून येतात, त्यांना खोकला असेल तर त्या दिवशी मालीश तूच कर.

औषधांबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण इथे चूक झाली की ती परत घेता येत नाही. बाबांच्या गोळ्या बऱ्याच असतील: रक्त पातळ करणाऱ्या, बीपीच्या, नाडी हळू करणाऱ्या, कोलेस्टेरॉलच्या. त्यांतली एक गोळी छोट्या बाळाच्या पोटात गेली तरी जिवावर बेतू शकतं. चार महिन्यांची मुलगी रांगत नाही, पण पालथी पडायला लागली असेल, आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. टीपॉयवर, उशाशी, डब्याच्या झाकणात गोळी काढून ठेवायची बाबांची सवय असेल तर ती मोड. गोळी खाली पडली तर ती सापडेपर्यंत बाळाला जमिनीवर सोडायचं नाही. कोच सरकवा, केरसुणी फिरवा, पण शोधा.

दुसरं म्हणजे बाटल्या. बाबांचं पोट साफ व्हायचं पातळ औषध, खोकल्याचं औषध, आणि बाळाचे व्हिटॅमिन डीचे थेंब, तापाचं औषध. रात्री दोनला, बेडलाइटच्या उजेडात, सगळ्या तपकिरी बाटल्या सारख्याच दिसतात. बाळाची औषधं तुझ्या खोलीत, वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेव. बाबांची त्यांच्या खोलीत, वरच्या फळीवर. स्वयंपाकघरात कुणाचीच नकोत. आणि रात्रीचं औषध मोठा दिवा लावून, नाव वाचूनच द्यायचं.

जेवणाचं थोडक्यात. दोन स्वयंपाक करू नका. भाजी-आमटी सगळ्यांची एकच, कमी तेलात, मीठ जवळजवळ न घालता. बाकीच्यांनी ताटात वरून मीठ घ्यावं. लोणचं-पापड बाबांच्या नजरेआड जेवा, ही साधी माणुसकी. तुला डिंकाचा लाडू हवा असेल तर खा, पण पुण्याहून करून आण. आईने आता डिंक तळत बसायचं नाही.

भेटायला येणारे हा सगळ्यात अवघड भाग. एरवी ते फक्त पेशंट बघायला येतात. तू आलीस की "पेशंटही बघू आणि बाळही" असं होतं. रोज संध्याकाळी ५ ते ६ हा एकच तास ठेवा आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भावाला टाकायला सांग. मुलाने टाकलेलं लोक मुकाट्याने ऐकतात, मुलीने टाकलं तर त्यावर चर्चा होते. चहाऐवजी पाणी आणि गूळ पुढे करा. बाळ हातोहात फिरवायचं नाही, ती त्या तासात आत झोपलेली असते, मग जागी असली तरी. "बाबांचा आत्ताच डोळा लागलाय" हे वाक्य मी इतक्या वेळा बोललेय की आता तोंडातून आपोआप येतं. जावई घरी असतील तर दार त्यांनीच उघडावं. जावयाशी हुज्जत घालायला आपल्याकडे लोक कचरतात.

मधे एकदा टाके बघायला किंवा तपासणीला बाबांना न्यावं लागेल. बाळाला दवाखान्यात नेऊ नकोस. निघण्यापूर्वी पाज, आणि एक वेळेचं दूध काढून उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेव, दारात नको. आईने भांडं कोमट पाण्यात धरून दुधाचा गारठा घालवायचा आणि बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायचं. गॅसवर तापवायचं नाही. तपासणीला जायच्या दोन दिवस आधी एकदा याची तालीम करून बघ. काही बाळं वाटी बघून तोंड घट्ट मिटतात, आणि ते तू मिरजेत असताना कळायला नको.

फ्रीजवर एक कागद चिकटव. बाबांचं पुढचं काही दिसलं तर वाट बघायची नाही, फोन करायचा: ताप १०१ च्या वर, छातीच्या किंवा पायाच्या जखमेतून पू किंवा पाणी, कूस बदलताना किंवा खोकताना छातीच्या हाडात कटकट, आडवं झाल्यावर दम लागणं, एका पोटरीत अचानक सूज आणि दुखणं, दोन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढणं. छातीत दुखून घाम फुटला, चक्कर येऊन पडले, बोलताना तोंड वाकडं झालं तर फोन सर्जनला नाही, १०८ ला. त्याच कागदावर सांगलीतल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाचा नंबर आधीच विचारून लिहून ठेव. बाळाला ताप आला, दूध सोडलं, किंवा छाती खेचून श्वास घ्यायला लागली तर त्याच दिवशी दाखवायचं. बाबांच्या औषधातलं काहीही बाळाला द्यायचं नाही. त्यांच्या गोळ्यांत ॲस्पिरिन बहुधा असतंच, आणि ते लहान मुलांना आपल्या मनाने कधीच देत नाहीत.

राहिलं उष्टावण. मुलीचं विषम महिन्यात करतात हे बरोबर, पण विषम म्हणजे पाचवाच असं कुठे आहे, सातवाही विषमच. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीही नाही, आणि बाबांच्या हौसेसाठी तिच्या पोटाला आत्ताच कामाला लावू नकोस. त्यांना हिशेब मांडून दाखव. आज त्यांचा बारावा दिवस. तीन महिने पुरे व्हायला अजून अडीच महिने. तेव्हा तुझ्या लेकीला सातवा चालू असेल. हाड जुळलंय असं सर्जन म्हणाले, की मामाने चांदीची वाटी आणायची आणि नात आजोबांच्या मांडीवर बसवायची, उशी न घेता. मी हे असं तारखेनिशी सांगितल्यावर एका आजोबांनी कॅलेंडरवर खूण केली आणि तोवर एक दिवसही चालायचं चुकवलं नाही.

आणि येताना पुण्याहून पायाने उभं राहायचा साधा वजनकाटा घेऊन ये. बाबांचं वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करून भिंतीवर लिहायचं असतं. बाळाचंही त्यावरच होतं: आधी तू एकटी उभी राहा, मग तिला घेऊन, आणि वजाबाकी बाबांना करायला लाव.